कात्री कुणाच्या हातात? ‘कमी करणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

 

आजचा विषय वरवर पाहिला तर शब्दकोशातला आहे. एखादी गोष्ट कमी करणं, लहान करणं, आखूड करणं यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत बघा. शॉर्टन, रिड्यूस, अब्रिज, अब्रिव्हिएट, कर्टेल, क्लिप, डॉक, कट, अ‍ॅक्स, रिट्रेंच, डाउनसाइझ. शाळेत आपण या सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहिला, ‘कमी करणे’, आणि पुढं गेलो. परीक्षेपुरतं ते चाललं. पण ऑफिसात आलेलं पत्र, पगाराची स्लिप, न्यायालयाचा निकाल किंवा इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना ते चालत नाही. कारण या प्रत्येक शब्दामागं एक वेगळं कापणं आहे. कुणी घोड्याचं शेपूट कापलं, कुणी नाण्याची कड कातरली, कुणी पुस्तक छाटलं, कुणी खलाशाचा पगार कापला.

म्हणून आज आपण प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारणार आहोत. कापलं कुणी? कापलं कुणाचं? आणि उरलं किती? या तिन्हींची उत्तरं जुने शब्द सहज देतात. नवे शब्द मात्र ती देताना काचकूच करतात. हे असं का झालं, तोच आजचा इतिहास.

सुरुवात अगदी साध्या शब्दापासून करू. ‘शॉर्ट’. हा इंग्रजीचा घरचा शब्द, जर्मानिक कुळातला. त्याचा मूळ अर्थच ‘कापलेला’ असा आहे. अंगातला ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे त्याचेच भाऊबंद. शर्ट जुन्या इंग्रजीतून आला आणि स्कर्ट उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून, पण दोन्हींचा अर्थ एकच होता : आखूड कापलेलं वस्त्र. मेंढीची लोकर कातरायची ती ‘शीअर’, तीही याच घरातली. आणि भाषाशास्त्रज्ञ हे धातू आणखी मागं नेतात, तेव्हा ते संस्कृतातल्या ‘कृत्’ म्हणजे कापणे या धातूपर्यंत पोचतात. त्या ‘कृत्’वरून कर्तन, कर्तरी आणि आपली रोजची कात्री. म्हणजे शिंप्याच्या दुकानात कात्रीनं शर्ट बेतला जातो, तेव्हा दोन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं असतात.

मग १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, न्यायालय आणि दस्तऐवज यांत फ्रेंच आणि लॅटिन राहिली. त्यामुळं कापण्याच्या शब्दांचे दोन थर झाले. शेतात, गोठ्यात, घरात शॉर्ट आणि शीअर. कचेरीत फ्रेंच शब्द. फ्रेंचमध्ये ‘ताइए’ म्हणजे कापणे. त्यावरून कपडा कापणारा तो टेलर. ताग्यातून तुकडे कापून विकणं ते रिटेल, आपण ज्याला किरकोळ विक्री म्हणतो ते. आणि गोष्ट बारीक तुकडे करून सांगणं म्हणजे डिटेल.

लॅटिनमध्ये ‘ब्रेविस’ म्हणजे लहान. त्यापासून एक शब्द फ्रेंचमार्गे आला, तो ‘अब्रिज’. दुसरा पुढं थेट लॅटिनमधून उचलला, तो ‘अब्रिव्हिएट’. मूळ एकच, पण वापरात फरक पडला. शब्द लहान केला तर अब्रिव्हिएट, म्हणजे डॉक्टरचं ‘डॉ.’ होतं तसं. पुस्तक लहान केलं तर अब्रिज. पँट लहान केली तर शॉर्टन, तिथं अब्रिज म्हटलं तर शिंपी हसेल. आणि एक सांगून ठेवतो, अब्रिजमध्ये नदीवरच्या ब्रिजचा काही संबंध नाही, नुसता उच्चार सारखा आहे.

‘रिड्यूस’ची गंमत वेगळी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘परत नेणे’. इंग्रजीतही आधी तो त्याच अर्थानं होता, परत आणणं, पूर्वस्थितीला नेणं. मग तो लष्करात गेला. किल्ला शरण आणला तर ‘रिड्यूस’ केला, अधिकाऱ्याला खालच्या पायरीवर आणलं तरी ‘रिड्यूस’ केलं. नुसतं ‘कमी करणे’ हा अर्थ त्याला बराच उशिरा चिकटला. आज किंमत, वजन, वेग, खर्च, जे मोजता येतं त्याला रिड्यूस चालतं. हा सगळ्यांत निर्विकार शब्द, म्हणूनच सरकारी कागदांत तो सगळ्यांत जास्त दिसतो.

आता गोठ्यात जाऊ. जनावराच्या शेपटीचा जो मांसल भाग असतो त्याला जुन्या इंग्रजीत ‘डॉक’ म्हणत. शेपूट छाटणं म्हणजे डॉक करणं. आणि शेपूट छाटलेल्या घोड्याला ‘कर्टल’ म्हणत. हा फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ लॅटिन ‘कुर्तुस’, आखूड. पण इंग्रजांच्या कानाला त्यात ‘टेल’ म्हणजे शेपूट ऐकू यायला लागलं आणि कर्टलचं ‘कर्टेल’ झालं. लोकांनी कानावर भरवसा ठेवून शब्द बदलला, असं भाषेत नेहमी होतं.

या दोन्ही शब्दांत एक गोष्ट टिकून राहिली. शेपूट जनावराचं, निर्णय मालकाचा. गाडीच्या लगामात अडकू नये, दिसायला बरं दिसावं म्हणून मालक शेपूट छाटायचा, आणि घोड्याला माशा हाकलायला काही उरायचं नाही. ब्रिटनमध्ये १९४९ साली कायदा करून घोड्यांची शेपटं छाटायला बंदी केली. प्रथा गेली, शब्द राहिले. आजही इंग्रजीत पगार ‘डॉक’ होतो, म्हणजे उशिरा आलात, रजा नसताना गैरहजर राहिलात, तर मालक तेवढा तुकडा छाटून पगार देतो. आणि ‘कर्टेल’ होतं ते स्वातंत्र्य, अधिकार, हालचाल. दौरा अर्धवट आटोपता घेतला तरी कर्टेल म्हणतात. पण ‘कर्टेल’ वाचलं की समजावं, जे कापलं गेलं ते पूर्ण लांबीचं असायला हवं होतं. नुसत्या ‘रिड्यूस’मध्ये ही तक्रार नसते.

गोठ्यातून बाजारात येऊ. ‘क्लिप’ हा शब्द नॉर्स लोकांचा, कातरणे या अर्थाचा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द ऐकला की लोकांना आधी नाणी आठवायची. चांदीची नाणी हातोड्यानं ठोकून बनवलेली असत, त्यांची कड ओबडधोबड असे. मग लोक काय करायचे, कडेची चांदी कातरून ठेवायचे आणि नाणं पुन्हा बाजारात चालवायचे. एका नाण्यातून थोडीशीच चांदी, पण शेकडो नाण्यांची मिळून लगड व्हायची. हा गुन्हा राजद्रोह समजला जाई आणि त्याला देहदंड होता. तरी थांबला नाही. १६९५ च्या सुमारास चलनातल्या चांदीच्या नाण्यांचं वजन ठरलेल्या वजनाच्या जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. नाण्यावर राजाचा चेहरा तोच, किंमत तीच लिहिलेली, आणि हातात चांदी अर्धी.

१६९६ साली सरकारनं सगळी जुनी नाणी परत घेऊन नवी पाडायचं ठरवलं. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत वॉर्डन म्हणून आले आणि या कामात त्यांनी जातीनं लक्ष घातलं. नव्या नाण्यांची कड यंत्रानं नक्षीदार केलेली होती, कातरली तर लगेच दिसे. पण आपल्या प्रश्नाकडे या. नुकसान कुणाचं झालं? ठरावीक तारखेपर्यंत कातरलेली नाणी कर भरताना पूर्ण किमतीला स्वीकारली जात होती. ज्याला मोठा कर भरायचा होता त्याची नाणी त्या वाटेनं खपली. ज्याच्याकडे भरायला तेवढा करच नव्हता, त्या मजुराच्या हातात मुदत संपल्यावर फक्त वजनाची चांदी राहिली. कातरलं तिसऱ्यानंच, आणि भरपाई मजुराच्या खिशातून.

हाच शब्द पुढं भाषेलाही लागला. लोक बोलताना शब्द कातरायला लागले आणि लेखक जोनाथन स्विफ्ट फार चिडले. १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात त्यांनी अशा तोडलेल्या शब्दांवर सडकून टीका केली. त्यातला एक होता ‘मॉब’. मूळ लॅटिन ‘मोबिले वल्गुस’, म्हणजे चंचल जमाव. लोकांनी शेपूट तोडून मॉब केलं. स्विफ्ट गेले, मॉब राहिला आणि आज त्याला कुणी नावं ठेवत नाही. ‘बस’चं तर आणखी भारी. मूळ शब्द ‘ओम्निबस’, लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘सर्व’ गेला आणि उरला तो नुसता विभक्तीचा प्रत्यय. आपण रोज स्टॉपवर उभे राहून चतुर्थीच्या प्रत्ययाची वाट बघतो!

इथं तीन प्रश्नांची उत्तरं निराळी येतात. कापलं बोलणाऱ्यांनीच, स्वतःच्या सोयीनं, आणि कामापुरतं सगळं उरलं. तेव्हा प्रत्येक कापणं वाईटच असतं असं नाही, हे लक्षात ठेवू.

पुस्तकांचंही तेच. सॅम्युअल जॉन्सन यांचा गाजलेला इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. दोन भले थोरले खंड, किंमत साडेचार पौंड. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. दुसऱ्याच वर्षी, १७५६ साली, त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली, १० शिलिंगांना. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे किंमत नवव्या हिश्श्यावर आली. काय कापलं? लेखकांचे उतारे कापले, त्यांची नावं तेवढी ठेवली. शब्द आणि अर्थ राहिले. पुढची अनेक वर्षं घराघरात गेला तो हाच कोश. इथं ‘अब्रिज’ म्हणजे दार उघडणं होतं. कापणाऱ्यानं मुखपृष्ठावर सांगितलं की हे संक्षिप्त आहे, आणि मूळ ग्रंथ ज्याला हवा त्याला उपलब्ध होता.

दुसरं उदाहरण शेक्सपिअरचं. १८०७ साली बाथ शहरातून ‘द फॅमिली शेक्सपिअर’ या नावानं २० नाटकं प्रसिद्ध झाली. घरात बायकामुलांसमोर मोठ्यानं वाचता यावीत म्हणून ‘नको ते’ शब्द काढून टाकलेली. हे काम हॅरिएट बाउडलर या बाईंनी केलं होतं, पण त्यांचं नाव पुस्तकावर नव्हतं. १८१८ मध्ये त्यांचे भाऊ थॉमस बाउडलर यांनी ३६ नाटकांची दहा खंडांची आवृत्ती स्वतःच्या नावानं काढली. पुढं इंग्रजीत क्रियापदच तयार झालं, ‘बाउडलराइझ’, सोवळेपणानं काटछाट करणे. आता गंमत बघा. ज्यांनी नाटकांतले शब्द कापले, त्या बाईंचं स्वतःचं नावही या इतिहासातून कापलं गेलं. क्रियापद भावाच्या नावानं गेलं.

पुस्तकाला लागणारा हाच ‘अब्रिज’ नागरिकाच्या हक्कालाही लागतो, आणि तिथं प्रकरण गंभीर होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पहिली दुरुस्ती झाली. भाषणस्वातंत्र्य ‘अब्रिज’ करणारा कायदा संसदेनं करू नये, असा तिचा आशय. नुसतं ‘काढून घेऊ नये’ असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? सरकार म्हणालं असतं, आम्ही कुठं काढून घेतलं, थोडं आखूड केलं इतकंच. ती पळवाट या एका शब्दानं बुजवली.

भारताच्या राज्यघटनेत १३व्या कलमात दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा ‘अब्रिज’ करणारा, म्हणजे त्यांचा संकोच करणारा, कायदा राज्यानं करायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीनं हा फरक नीट जपला. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात ११ न्यायाधीशांसमोर प्रश्न आला की घटनादुरुस्ती करून तरी संसदेला हे हक्क असे आखूड करता येतील का. सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल लागला, करता येणार नाहीत. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश बसले, तो निकाल फिरवला, पण घटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही अशी मर्यादा घातली. तेही सात विरुद्ध सहा. एका मतावर निकाल ठरले, आणि दोन्ही वेळा प्रश्न हाच होता : कात्री कुणाच्या हातात, आणि तिनं कुठवर कापायचं.

आता पैशाकडे, म्हणजे पोटाकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालं होतं. १९२१ साली पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सर एरिक गेडिस यांच्या अध्यक्षतेखाली खर्चकपातीसाठी समिती नेमली. १९२२ च्या फेब्रुवारीत समितीचे अहवाल प्रसिद्ध झाले. सुमारे ८ कोटी ७० लाख पौंडांची कपात सुचवली होती, सैन्य, आरमार, शिक्षण, सगळीकडे. मंत्रिमंडळानं त्यातली सुमारे ५ कोटी २० लाखांची मान्य केली. लोकांनी याला नाव दिलं ‘गेडिसची कुऱ्हाड’. इंग्रजीत ‘अ‍ॅक्स’ हे क्रियापद नोकरी किंवा योजना बंद करण्यासाठी रूढ झालं ते याच काळात. या शब्दात एक प्रामाणिकपणा होता हे मान्य करावं लागेल. कुऱ्हाड कुणाची ते नावासकट माहीत होतं.

या समितीतले एक सदस्य होते लॉर्ड इंचकेप. १९२२ मध्ये तेच गृहस्थ भारतात खर्चकपात समितीचे अध्यक्ष झाले. इथं मात्र समितीच्या नावात कुऱ्हाड नव्हती, ‘रिट्रेंचमेंट’ होती. फ्रेंचमध्ये याचाही अर्थ कापून टाकणे असाच, खंदकाला इंग्रजीत ‘ट्रेंच’ म्हणतात तो शब्दही त्याच मुळाचा. पण इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनाला त्यातलं पातं दिसत नव्हतं. नोकरी गेल्यावरच कळायचं.

पुन्हा ब्रिटनमध्ये, १९३१ साल. जागतिक मंदी, सरकारी तिजोरी रिकामी. सप्टेंबरात सरकारनं सांगितलं की सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के ‘कट’. सगळ्यांना सारखाच, मग तक्रार कसली? पण आरमारात १९२५ पूर्वी भरती झालेल्या साध्या खलाशांना नंतर आलेल्यांच्या दरावर आणायचं ठरलं. दिवसाला चार शिलिंग मिळत होते, ते तीन होणार. चारातला एक म्हणजे २५ टक्के. शब्द एकच ‘कट’, पण अधिकाऱ्याला दहा आणि खलाशाला पंचवीस. त्यातून ही बातमी अनेकांना वर्तमानपत्रातून कळली. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन इथं अटलांटिक ताफ्यातल्या सुमारे हजार खलाशांनी १५ आणि १६ सप्टेंबरला कामाला नकार दिला. बाजार घाबरला, आणि २१ सप्टेंबरला ब्रिटननं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. त्याची कारणं अनेक होती, पण या बातमीनं भीतीत भर घातली. शेवटी त्या खलाशांचीही कपात १० टक्क्यांवर आणावी लागली. तिसरा प्रश्न, ‘उरलं किती’, खलाशांनी विचारला म्हणून हे झालं.

मुंबईच्या गिरणगावानं हा प्रश्न त्याआधीच विचारला होता. १९२५ साली गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात दीड लाखावर कामगार संपावर गेले. मालकांचं म्हणणं होतं की सरकार कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर घेतं, तो हटवा, मग बघू. डिसेंबरात सरकारनं कर स्थगित केला आणि कपात मागं घेतली गेली. इथं शब्द उघड होता, कपात. कुणाची, किती, सगळं आकड्यात. त्यामुळं भांडणही समोरासमोर झालं.

तीनच वर्षांनी, १९२८ मध्ये, गिरण्यांत नवा शब्द आला, ‘रॅशनलायझेशन’. ‘रीझन’ म्हणजे विवेक, तर्क, त्या घराण्यातला शब्द. मराठीत सुसूत्रीकरण म्हणतात. ऐकायला किती शहाणा शब्द! विवेकाला विरोध कोण करणार? पण कापडखात्यात त्याचा अर्थ असा होता की जो विणकर दोन माग सांभाळतो त्यानं आता तीन सांभाळायचे. मग दर तिसरा विणकर घरी. कुठंही कुणाला ‘कापलं’ असं लिहिलेलं नाही, फक्त कामाची नवी रचना. कामगारांनी मात्र त्यातली कात्री बरोबर ओळखली. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने संप चालला. ज्या शब्दाचा अर्थ कोशात ‘तर्कशुद्ध रचना’ असा आहे, त्याचा अर्थ परळ-लालबागच्या चाळीत चुलीजवळ कळला.

यानंतरचे शब्द पाहिले तर एक दिशा स्पष्ट दिसते. शेपूट, कात्री, कुऱ्हाड हे दिसणारे शब्द मागं पडले, आणि हात न दिसणारे शब्द पुढं आले. ब्रिटनमध्ये १९६५ साली ‘रिडंडन्सी’ भरपाईचा कायदा झाला. ‘रिडंडंट’ म्हणजे लॅटिनमध्ये काठावरून ओसंडणारं, लाट उसळून बाहेर पडलेलं पाणी. म्हणजे माणसाला कुणी काढलं नाही, तो आपला आपण ओसंडला! आपल्याकडे ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हणतात, त्यातही हेच आहे. काल वर्गात लागणारे गुरुजी आज पटसंख्येच्या हिशेबात जास्तीचे ठरतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारी लहान बनवायला लागले, त्याला ‘डाउनसाइझ’ म्हणत. पुढच्या दशकात तोच शब्द माणसांना लावला. मग तोही टोचायला लागला, तेव्हा ‘राइटसाइझ’ आला, म्हणजे योग्य मापाचं करणं. आधीचं माप अयोग्य होतं, असं त्यात आपोआप आलं.

याला उतारा आहे का? आहे, आणि तो कायद्याच्या कोरड्या भाषेत सापडतो. भारतात औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली आणि ‘रिट्रेंचमेंट’ची व्याख्या केली गेली. शिस्तभंगाची शिक्षा सोडून इतर कोणत्याही कारणानं मालकानं कामगाराला कामावरून कमी केलं तर ती रिट्रेंचमेंट, अशी तिची मुख्य कल्पना होती. सोबत आकडे होते : एक महिन्याची नोटीस, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. शिवाय, शेवटी आलेला आधी जाईल, हा क्रम. कापणारा कोण, कुणाला, आणि हातात काय उरणार, तिन्ही उत्तरं लिहून ठेवली. पातं लपवणाऱ्या शब्दाला कायद्यानं बोलतं केलं.

विधिमंडळातही हीच शिस्त आहे. अर्थसंकल्पाच्या वेळी आपण ‘कपात सूचना’ हा शब्द ऐकतो, इंग्रजीत ‘कट मोशन’. लोकसभेच्या पद्धतीत तिचे तीन प्रकार. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. खर्च जास्त वाटला तर नेमकी किती रक्कम कमी करायची ते सांगायचं. आणि एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायचं असेल तर १०० रुपये कमी करा म्हणायचं. शंभर रुपयांनी सरकारचं काय बिघडतं? तर ऐका. २१ जून १८९५ रोजी ब्रिटिश संसदेत युद्धमंत्री कॅम्पबेल-बॅनरमन यांचा पगार १०० पौंडांनी कमी करावा अशी सूचना आली. सैन्याकडे कॉर्डाइट ही दारू पुरेशी नाही, हे मूळ गाऱ्हाणं. १३२ विरुद्ध १२५ मतांनी सूचना मंजूर झाली, आणि रोझबेरी यांच्या सरकारनं राजीनामा दिला. नाव घेऊन, रक्कम सांगून, उभं राहून मागितलेली ही शंभर पौंडांची कपात होती. तिचं उत्तर देणं भाग पडलं.

शेवटी रोजच्या वापराकडे. इंग्रजी वाचताना, बोलताना हे लक्षात ठेवा. सिगारेट, साखर अशी सवय कमी करायची तर ‘कट डाउन ऑन’. खर्च आवरता घ्यायचा तर ‘कट बॅक’. भाषण मध्येच थांबवलं तर ‘कट शॉर्ट’. मोजता येण्याजोगं कमी झालं आणि तक्रार नसेल तर ‘रिड्यूस’. हक्काला हात लागला तर ‘कर्टेल’ किंवा ‘अब्रिज’. आणि अलीकडे वर्तमानपत्रांत दिसणारा ‘श्रिंकफ्लेशन’, म्हणजे पुड्याची किंमत तीच आणि आत माल कमी. सतराव्या शतकातल्या त्या नाण्यांची आठवण होते ना? चेहरा तोच, चांदी कमी. फरक इतकाच की आज वजन पुड्यावर छापलेलं असतं, वाचायची सवय आपण लावून घ्यायची.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कागदावर यातला कुठलाही शब्द दिसला, इंग्रजी असो की मराठी, तर सही करण्याआधी वाक्यात कर्ता शोधा. तो सापडला नाही, तर विचारा. मग कर्म शोधा. आणि मग आकडा मागा, टक्क्यांत नको, रुपयांत. खलाशांना चार आणि तीन शिलिंग कळत होते म्हणून दहा टक्क्यांचा खरा अर्थ त्यांना कळला.

आजचं व्याख्यान इथंच आटोपतं घेऊ.